अणुप्रारूपांचा शालेय संच: रुदरफोर्डपाशी उत्तम, बोरपाशी अपुरा

गेल्या जूनमध्ये आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेसाठी अणुप्रारूपांचा एक संच मागवला आणि वर्षभर आठवी-नववीच्या वर्गांत वापरून पाहिल्यानंतर हा अभिप्राय लिहीत आहे. संचात डाल्टन, थॉमसन, रुदरफोर्ड आणि बोर या शास्त्रज्ञांनी कल्पिलेल्या अणूची प्रारूपे, गोट्यांचा एक पाट आणि मराठी माहितीपुस्तिका मिळते.

डाल्टनच्या अणूसाठी भरीव लाकडी गोळे दिले आहेत, ही निवड मला विशेष आवडली, कारण 1810 च्या सुमारास पीटर एवर्ट या अभियंत्याने डाल्टनला असेच लाकडी गोळे करून दिले होते. थॉमसनचा, इलेक्ट्रॉन म्हणून मणी रोवलेला पारदर्शक गोळाही ठीक आहे.

संचाचे खरे मोल गोट्यांच्या पाटात आहे. पाटाच्या मध्यभागी झाकणाखाली दोनपैकी एक उंचवटा बसवता येतो: एक पसरट व बुटका, म्हणजे थॉमसनच्या कल्पनेतील अणुभर विखुरलेला धनप्रभार, आणि दुसरा अरुंद व उंच, म्हणजे रुदरफोर्डचे केंद्रक, अणूच्या मध्यातील धनप्रभारित गाभा. पसरट उंचवट्यावरून गोट्या किंचित वळून पलीकडे जातात. अरुंद उंचवटा बसवला की बहुतेक गोट्या सरळ निघून जातात, परंतु एखादी थेट आल्या दिशेने परत येते. 1909 मध्ये गायगर आणि मार्सडेन यांना धातूच्या पातळ पत्र्यावर सोडलेल्या अल्फा कणांच्या, म्हणजे धनप्रभारित सूक्ष्म कणांच्या, बाबतीत हेच दिसले आणि त्यावरून 1911 मध्ये रुदरफोर्डने केंद्रकाची कल्पना मांडली. हे सारे मुलांनी झाकण न उघडता, स्वतः गोट्या सोडून ताडले, आणि थॉमसनचे प्रारूप का सोडावे लागले हे मला वेगळे सांगावे लागले नाही.

पुढे मात्र संच निराशा करतो. रुदरफोर्डच्या प्रारूपावर 1911 असे वर्ष छापले आहे, पण त्याच्या केंद्रकात न्यूट्रॉनचे करडे मणी आहेत, आणि न्यूट्रॉनचा शोध चॅडविकने 1932 मध्ये लावला. शिवाय हे केंद्रक लिंबाएवढे असून इलेक्ट्रॉन त्यापासून वीतभर अंतरावर आहेत. केंद्रक एक सेंटिमीटरचे मानले तरी अणूची कड सुमारे अर्ध्या किलोमीटरवर येईल, याचा पुस्तिकेत उल्लेखही नाही.

बोरच्या बाबतीत पुस्तिका इलेक्ट्रॉनच्या ठरावीक कक्षा सांगून थांबते. फिरणारा इलेक्ट्रॉन ऊर्जा गमावून केंद्रकात कोसळायला हवा, ही रुदरफोर्डच्या प्रारूपाची अडचण आणि बामरने 1885 मध्ये सूत्रात बसवलेल्या हायड्रोजनच्या वर्णरेषा (त्याच्या प्रकाशातील सुट्या रंगरेषा) यांच्याशिवाय ठरावीक कक्षा मानण्याचे बोरचे 1913 चे धाडस मुलांना मनमानी वाटते. मी आता जुन्या सीडीच्या तुकड्यावर ट्यूबलाइटचा प्रकाश घेऊन त्यातील सुट्या रंगरेषा आधी दाखवतो आणि मगच बोरच्या प्रारूपातील कक्षेची तारेची कडी हातात घेतो.

संपूर्ण संचासाठी खर्च करण्याचा आग्रह मी धरणार नाही. गोट्यांचा पाट मात्र सुटा मिळत असेल, तर तो प्रत्येक शाळेने अवश्य घ्यावा.