नऊ महिने, चार प्रकारच्या प्रोटीन पावडरी आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा

गेल्या नऊ महिन्यांत मी चार प्रकारच्या प्रोटीन पावडरी वापरल्या. आधी गेनर, म्हणजे वजन वाढवायची पावडर, मग व्हे कॉन्सन्ट्रेट (व्हे म्हणजे दुधापासूनचं प्रोटीन), मग वाटाणा-तांदळाचं मिश्रण आणि आता व्हे आयसोलेट. कंपन्यांची नावं मुद्दाम देत नाही, कारण मला फरक जाणवला तो कंपनीपेक्षा प्रकारामुळे, आणि त्याहूनही जास्त एका आकड्यामुळे. तो आकडा म्हणजे माझ्या रोजच्या जेवणात कमी पडणारं प्रोटीन. पहिले दोन महिने तो काढायचं मला सुचलंच नाही.

जिम सुरू केली तेव्हा वजन ६८ किलो होतं आणि अंग भरायची घाई होती. म्हणून गेनर आणला. १०० ग्रॅम पावडरीत २० ग्रॅम प्रोटीन आणि ७२ ग्रॅम कर्बोदकं, त्यातली बहुतेक माल्टोडेक्स्ट्रिनची, म्हणजे स्टार्चपासून केलेल्या, झटकन पचणाऱ्या पावडरीची. म्हणजे एका ग्लासात जवळपास ३८५ कॅलरी. दोन महिन्यांत वजन ७२ वर गेलं, पण पँट कमरेला घट्ट व्हायला लागली आणि बेंच प्रेसचं, म्हणजे बाकावर आडवं होऊन छातीवरून उचलायचं, वजन फारसं वाढलं नाही. गेनर वाईट असतो असं मी म्हणणार नाही. ज्याला भूकच लागत नाही, कितीही खाल्लं तरी ज्याचं वजन हलत नाही, त्याला तो उपयोगी पडेल. मी मात्र व्यवस्थित जेवणारा माणूस, मला त्या कॅलरींची गरजच नव्हती.

मग एक आठवडाभर मी खाल्लेलं सगळं काट्यावर तोलून लिहून काढलं. रोजची सरासरी ७० ग्रॅम प्रोटीन निघाली. व्यायाम न करणाऱ्या निरोगी माणसासाठी दर किलो वजनामागे ०.८ ग्रॅम प्रोटीन पुरेसं मानतात, त्या हिशोबाने मी ठीक होतो. पण वजनं उचलणाऱ्यांची गरज जास्त असते. २०१८ मध्ये ४९ अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झालं होतं. त्यात दर किलोमागे साधारण १.६ ग्रॅमच्या पुढे प्रोटीन वाढवून स्नायूंमध्ये सरासरीने आणखी भर पडत नाही, असं दिसलं. ७२ किलोला १.६ म्हणजे ११५ ग्रॅम. माझी तूट ४५ ग्रॅमची होती.

त्याच विश्लेषणातला आणखी एक आकडा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. व्यायामाला जादा प्रोटीनची जोड दिल्यावर चरबीविरहित वजनात सरासरी फक्त ०.३ किलोची जास्तीची भर पडली होती. बाकी सगळी वाढ व्यायामाची. हे आधी कळलं असतं तर पहिल्या दोन महिन्यांत मी डब्याकडून एवढी अपेक्षा ठेवली नसती आणि स्क्वॉट नीट शिकण्यावर जोर दिला असता.

तूट कळल्यावर आधी जेवण सुधारलं. दूध, अंडी, कडधान्यं वाढवून ७० चे ९० झाले. उरले २५, म्हणजे दिवसाला एक स्कूप (डब्यातला मापाचा चमचा). दोन-तीन स्कूप घेणाऱ्या सगळ्यांना मी हेच सांगतो की आधी आठवडाभर लिहून तर बघा.

कॉन्सन्ट्रेट मी दोन महिने घेतलं. चव उत्तम, दुधासारखी दाट. पण तासाभरात पोट फुगायचं, गुडगुडायचं. आधी मला वाटलं की पावडरच भेसळीची आहे. तसं नव्हतं. व्हे म्हणजे चीज करताना दुधातून वेगळं निघणारं पाणी. ते गाळून वाळवलं की कॉन्सन्ट्रेट होतं आणि त्यात थोडी दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, राहतेच. आणखी गाळून प्रोटीन ९० टक्क्यांच्या आसपास नेलं की आयसोलेट, त्यात लॅक्टोज जेमतेम उरतं. मी पावडर दुधात घालून पीत होतो, म्हणजे लॅक्टोजवर लॅक्टोज. पाण्यात घ्यायला लागल्यावर त्रास निम्मा झाला, पण गेला नाही. ज्यांना दूध सहज पचतं त्यांनी आयसोलेटच्या मागे लागू नये, कॉन्सन्ट्रेटने त्यांचं काम होतं.

डब्यावरचं लेबल कसं वाचायचं, हे मी याच काळात शिकलो. पहिला हिशोब अगदी सोपा आहे: एका स्कूपातलं प्रोटीन भागिले स्कूपाचं वजन. ३३ ग्रॅमच्या स्कूपात २४ ग्रॅम म्हणजे ७३ टक्के. पुढचा हिशोब मात्र जरा खोलातला. प्रोटीन मोजायची जुनी आणि अजूनही प्रचलित पद्धत केल्डालची, १८८३ सालची. ती प्रोटीन थेट मोजत नाही. ती नायट्रोजन मोजते आणि एका ठरावीक आकड्याने गुणून प्रोटीन काढते. त्यामुळे ग्लायसिन, टॉरिन असे नायट्रोजन असलेले स्वस्त घटक मिसळले तरी लेबलवरचा आकडा फुगतो. २००८ मध्ये चीनमध्ये दुधात मेलामाइन हे भरपूर नायट्रोजन असलेलं औद्योगिक रसायन मिसळलं गेलं ते याच उणिवेचा फायदा घेऊन, आणि त्यात लहान मुलांचे जीव गेले. म्हणून घटकांच्या यादीत ग्लायसिन किंवा टॉरिन वेगळं लिहिलेलं दिसलं की मी तो डबा खाली ठेवतो. ल्युसिनचा, म्हणजे स्नायूंच्या वाढीला चालना देणाऱ्या अमिनो आम्लाचा, आकडा दिला असेल तर तोही बघतो. चांगल्या व्हेमध्ये प्रोटीनच्या दहा टक्क्यांच्या आसपास ल्युसिन असतं, म्हणजे २४ ग्रॅमला साधारण अडीच ग्रॅम.

आणि हो, स्कूपही एकदा काट्यावर ठेवा. माझा काठोकाठ भरलेला '३० ग्रॅमचा' स्कूप ३७ ग्रॅम भरला. महिनाभराचा डबा तीन-साडेतीन आठवड्यांत का संपतोय, हे तेव्हा कळलं.

वाटाणा-तांदळाची पावडर पोटाला सगळ्यात हलकी गेली. जोडीही विचार करून केलेली असते. प्रोटीन ज्या अमिनो आम्लांचं बनतं त्यांतलं मेथिओनिन वाटाण्यात कमी, लायसिन तांदळात कमी, दोन्ही मिळून एकमेकांची उणीव भरतात. पण खरखर काही केल्या जात नाही, शेकर कितीही हलवा, तळाशी गाळ राहतोच. वनस्पतीजन्य पावडरींमध्ये, त्यातही चॉकलेट चवीच्या, शिशासारख्या जड धातूंचं प्रमाण जास्त आढळलं आहे. त्यामुळे हा प्रकार घ्यायचाच असेल तर तिसऱ्या संस्थेकडून तपासणी झालेला घ्या. 'इन्फॉर्म्ड स्पोर्ट' किंवा 'एनएसएफ सर्टिफाइड फॉर स्पोर्ट' अशा शिक्क्यांकडे मी आता व्हे घेतानाही बघतो.

सध्याचं आयसोलेट ३० ग्रॅमला २६ ग्रॅम प्रोटीन देतं. पाण्यात लगेच विरघळतं, पोट शांत राहतं. चव पातळ आहे आणि सुक्रालोज या कृत्रिम गोडीचा गोडवा जिभेवर रेंगाळतो, ते मला आवडत नाही. गेले तीन महिने रोजच्या कॅलरी थोड्या कमी करून पोट उतरवायचा प्रयत्न चालू आहे. त्यात हे फार सोयीचं पडलं, कारण १२० च्या आसपास कॅलरींत प्रोटीनचा वाटा भरून निघतो. वजन ६९ आहे, पँट पुन्हा सैल झाली आहे आणि बेंच प्रेस सुरुवातीपेक्षा १५ किलोंनी वर आहे. व्यायाम संपल्याबरोबर धावत जाऊन शेक पिण्याचा आग्रह सोडून दिला. दिवसभराची बेरीज पुरी झाली की मला पुरतं.

एक गोष्ट ठरवलेली नव्हती. माझी रोजची वही बघून आईने तिचंही जेवण लिहायला लावलं. ती सत्तरीला आलेली. या वयात स्नायू झिजतात, म्हणून दर किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रोटीन घ्यावं असं सांगितलं जातं. तिचं ०.७ सुद्धा भरत नव्हतं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर जादा प्रोटीन परवडत नाही, म्हणून आधी डॉक्टरांकडून क्रिएटिनिन तपासून घेतलं. रिपोर्ट चांगला आल्यावरच अर्धा स्कूप सुरू केला, सोबत खुर्चीवरून हात न टेकता उठण्या-बसण्याचा व्यायाम. पहिल्या आठवड्यात तिला सलग सहा वेळा जमायचं. काल तिने चौदा मोजले आणि मला हाक मारून सांगितलं.