एआय चुकलं, तर तक्रार इस्पितळावर की कंपनीवर?

मडगावच्या एखाद्या खाजगी इस्पितळात छातीचा एक्स-रे काढला, सॉफ्टवेअरने ‘नॉर्मल’ म्हटलं, डॉक्टरांनी सही ठोकली आणि काही महिन्यांनी तिथंच गाठ निघाली. आता धरायचं कुणाला? एआयसाठी भारतात वेगळा कायदा नाही, तेव्हा आहे त्यातूनच वाट काढावी लागते.

इस्पितळाची वाट मळलेली आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 1995 च्या व्ही. पी. शांता निकालापासून पैसे घेऊन दिलेले उपचार ग्राहक कायद्यात येतात. अहवालावर सही माणसाची असते, म्हणून ‘मशीनने सांगितलं’ हा बचाव लंगडाच. अडचण वेगळी आहे: निष्काळजीपणा दाखवायला बहुधा दुसऱ्या डॉक्टरचं मत लागतं आणि गोव्यात डॉक्टर बहुतेक एकमेकांचे वर्गमित्र. मत बेळगाव-पुण्याहून आणलेलं बरं.

कंपनीविरुद्धचा दावा कागदावर जास्त आकर्षक दिसतो. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात रचनेतला दोष दाखवला की उत्पादक जबाबदार. पण त्याच कायद्यात उत्पादन म्हणजे वायू, द्रव किंवा घन रूपातली वस्तू. सॉफ्टवेअर यातलं नेमकं काय, यावरच वकील तारखा खातील. शिवाय कलम 87: वस्तू कायद्याने तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच वापरायची असेल आणि कंपनीने त्या तज्ज्ञाला पुरेशा सूचना दिल्या असतील, तर इशारा दिला नाही म्हणून तिला धरता येत नाही. वैद्यकीय सॉफ्टवेअरला हे कलम चिलखतासारखं बसतं.

सरकारी इस्पितळात सगळ्यांवरच मोफत उपचार होत असतील, तर ग्राहक आयोगाचं दार बंद. तिथं दिवाणी दावा. सरकारी डॉक्टरांच्या चुकीला सरकार जबाबदार असतं, हे सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्येच सांगितलंय.

माझं मत विचाराल तर तक्रार एकच, विरुद्ध पक्ष दोन. भर मात्र इस्पितळावर. दिलेलं बिल 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, 5 लाखांपर्यंत फी नाही, मुदत 2 वर्षं. कंपनी बंगळूरची असली तरी तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते.

त्याआधी इस्पितळाकडे लेखी अर्ज करून कागदपत्रं मागा. नियमाप्रमाणे ती 72 तासांत मिळायला हवीत. सही केलेल्या अहवालासोबत सॉफ्टवेअरने काढलेला मूळ निकालही मागा. त्यात ठिपका दाखवलेला असेल आणि डॉक्टरांनी तो सोडून दिला असेल, तर कंपनीचं नाव तक्रारीत घालण्यात अर्थ नाही.