दोन हजारांचा यूएसबी कॅसेट प्लेअर: यादी करायला ठीक, जतनाला नाही

भीमजयंतीला रात्रभर चाललेले जलसे, गायन पार्ट्यांचे सामने कुणीतरी स्टेजपुढे टेपरेकॉर्डर ठेवून भरून घेतलेले असतात. लोककवी वामनदादा कर्डकांची गाणी त्यांच्या हयातीत गावोगावचे गायक कशी म्हणत, ते अशाच कॅसेटींत सापडतं. दुसरी प्रत कुणाकडे नसते. अशा कॅसेटी संगणकावर उतरवून जतन करायला वॉकमनएवढा, दीड-दोन हजारांचा यूएसबी प्लेअर घ्यावा का? कॅसेटमध्ये काय आहे ते ऐकून यादी करायला जरूर घ्या. जतनाची प्रत मात्र त्यावर काढू नका.

पहिली खोट चिपची. यातल्या बऱ्याच प्लेअरमध्ये आवाजाची पातळी आपोआप वरखाली होते आणि ते बंद करायचं बटण नसतं. हलगी कडाडली की पातळी पडते, पाठोपाठचा शाहीर दबतो. तो दम घ्यायला थांबला की टेपची खरखर उसळते. (मूळ टेपरेकॉर्डरनेही बहुधा हेच केलेलं असतं. ते आता सुधारत नाही, पण दुसऱ्यांदा कशाला?) दुसरी खोट फ्लायव्हीलची, म्हणजे फितीचा वेग स्थिर ठेवणाऱ्या चाकाची. ते इतकं हलकं असतं की हार्मोनियमचा लांबवलेला सूर थरथरतो. शिवाय नव्वद मिनिटांच्या कॅसेटची फीत जेमतेम 12 मायक्रॉनची. रोलर चिकट झाला की त्यालाच गुंडाळली जाते.

त्यापेक्षा जुन्या बाजारातला कॅसेट डेक घ्या, बेल्ट बदलून घ्या आणि लाइन-इन असलेल्या ऑडिओ इंटरफेसला (आवाज संगणकात घेणाऱ्या डबीला) जोडा. हेड (फीत वाचणारा भाग) आणि कॅप्स्टन (फीत ओढणारी दांडी) आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. कॅसेटच्या वरच्या कडेची प्लास्टिकची जिभली शाबूत असेल तर तोडा, म्हणजे चुकून वर दुसरं काही भरलं जाणार नाही. डेकवरचं डॉल्बीचं (खरखर कमी करणारं) बटण बंद. हेडचा कोन बदलणारा, शेजारचा स्प्रिंगवाला स्क्रू हळूहळू फिरवत दोन्ही चॅनल मोनोत एकत्र ऐका; झांज सर्वांत लखलखीत वाजते तिथे थांबा. हे प्रत्येक कॅसेटला नव्याने करायचं. भरताना वेव्ह फाइल, 24 बिट, 96 किलोहर्ट्झ. स्टिरिओत तासाला सुमारे 2 जीबी.

सेल उतरलेल्या टेपरेकॉर्डरवर भरलेली कॅसेट आज पळते, गाणारा चिरका वाटतो. अशा वेळी लाउडस्पीकरच्या अ‍ॅम्प्लिफायरची घुमघुम संगणकावर आवाजाच्या फ्रिक्वेन्सीच्या आलेखात शोधा. ती विजेच्या फ्रिक्वेन्सीला, म्हणजे 50 हर्ट्झला हवी. 53 ला दिसली तर वेग सुमारे 6 टक्के कमी करा. पण त्या काळी विजेची फ्रिक्वेन्सीच 50 च्या खाली उतरायची, म्हणून हार्मोनियमच्या पट्टीशीही ताडून बघा. ही दुरुस्ती प्रतीवर करा, मूळ फाइल तशीच ठेवा.

आवाज अचानक बसका झाला तर आधी कॅसेट बघा. फितीमागची नमद्याची गादी गोंद सुकून गळलेली असते. पाच स्क्रूंचं चांगलं कवच घेऊन दोन्ही रीळं त्यात हलवली की काम भागतं. फितीच्या कडेला पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी. ती कॅसेट बाजूला, वेगळ्या पिशवीत ठेवा. हेडवरून ती पुढच्या कॅसेटला लागते.