अ‍ॅडेनॉइडचं ऑपरेशन: क्युरेट, मायक्रोडिब्रायडर की कोब्लेशन?

ईएनटीवाल्यांनी मुलाच्या अ‍ॅडेनॉइडचं (नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या टोकाला असलेली गाठ) ऑपरेशन सांगितलं की लगेच दुसरा प्रश्न येतो, साधं करायचं की कोब्लेशन, आणि दोन्हीच्या बिलात बराच फरक. कुठलंही घ्या, पूर्ण भूल द्यावीच लागते आणि बाहेरून काप किंवा टाके नसतात.

साधं म्हणजे क्युरेट. पडजिभेच्या मागून धारदार कडी वर सरकवून अ‍ॅडेनॉइड खरवडून काढतात, मग गॉज दाबून रक्त थांबवतात. पटकन होतं, स्वस्त, तालुक्याच्या ठिकाणीही होतं. अडचण अशी की नुसत्या हाताच्या अंदाजाने केलं तर नाकाच्या अगदी मागच्या तोंडाशी आणि कानाच्या नळीजवळ थोडं राहून जाऊ शकतं, आणि त्रास तर बरेचदा तिथल्याच गाठीचा असतो, मग पोरगं परत तोंड उघडं ठेवून घोरतंय!

मायक्रोडिब्रायडरमधे फिरतं ब्लेड आणि सक्शन एकत्र, दुर्बिणीने स्क्रीनवर बघत हवं तेवढंच काढता येतं. रक्त मात्र येतं, ते वेगळं थांबवावं लागतं.

कोब्लेशनमधे सलाइन आणि रेडिओफ्रिक्वेन्सी (विजेच्या वेगवान लहरी), तापमान साधारण 40 ते 70 डिग्री (कॉटरीचं, म्हणजे विजेने जाळण्याचं, 400 च्या वर जातं), काढता काढताच रक्त बंद होत जातं. लहान वजनाच्या मुलाला हा फायदा मोठा. पण वाँड, म्हणजे मशीनला लावायची कांडी, एकदाच वापरायची असते, पैसे तिथे जातात. आणि बरेच जण याला लेसर म्हणतात, ते लेसर नाही, अ‍ॅडेनॉइडला लेसर तर टाळतातच कारण मागे व्रण आकसून वाट अरुंद होऊ शकते.

"कमी दुखतं" म्हणून जास्त पैसे भरणार असाल तर थांबा, नुसतं अ‍ॅडेनॉइड तसंही फार दुखत नाही, दुखतात ते टॉन्सिल. दोन्ही एकदम काढायचे असतील तर कोब्लेशनचा विचार करा, बहुतेकदा एकाच वाँडवर दोन्ही होतं. नुसतं अ‍ॅडेनॉइड असेल तर मी मशीनचं नाव सोडून एवढंच विचारेन की शेवटी दुर्बीण किंवा आरसा लावून काही राहिलंय का बघणार ना? हो म्हणाले तर क्युरेटही चालेल.

फक्त मुलाची पडजीभ दुभंगलेली दिसत असेल किंवा टाळूचं ऑपरेशन झालेलं असेल तर आधी सांगा, तिथे सगळं काढलं तर बोलणं नाकातून येतं, पाणीही नाकात चढतं, म्हणून खालचा भाग मुद्दाम ठेवतात आणि ते दुर्बिणीखालीच नीट जमतं.