आरोग्य कार्डासाठी दिलेला अंगठा

३१ मे २०२५ रोजी वयाच्या ५८व्या वर्षी मी एका खासगी कारखान्याच्या भांडार विभागातून निवृत्त झाले. त्याआधी चार महिने मनुष्यबळ विभागाकडून मिळालेल्या पत्रात भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीच्या तपशिलाखाली शेवटची एक ओळ होती, की कंपनीच्या गट आरोग्य विम्याचे संरक्षण सेवेच्या अखेरच्या दिवशी संपुष्टात येईल. माझे यजमान ६६ वर्षांचे, मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही असलेले, आणि त्यांचा विमा माझ्याच नोकरीला जोडलेला, त्यामुळे त्या ओळीने माझी झोप उडाली. खासगी विमा कंपनीकडे चौकशी केली, तेव्हा हप्ता आवाक्याबाहेरचा तर होताच, शिवाय आधीपासून असलेल्या आजारांसाठी तीन वर्षे थांबावे लागेल असे सांगण्यात आले. पुढे जे घडले ते या काळजीपोटी घडले, म्हणून हे आधी सांगितले. निवृत्तीच्या उंबरठ्यावर असलेल्या अनेकांच्या घरात आज हीच काळजी असणार.

फेब्रुवारीत आमच्या वसाहतीच्या समाजमंदिरात ‘ज्येष्ठ नागरिक व सेवानिवृत्त आरोग्य कवच नोंदणी’ असा फलक लागला. फलकावर राजमुद्रा होती, आयुष्मान भारत हे नाव होते आणि खाली ठळक अक्षरांत ‘शेवटचे दोन दिवस’ असे लिहिले होते. टेबलामागे दोन तरुण मुले लॅपटॉप घेऊन बसली होती आणि दोघांच्याही गळ्यात ओळखपत्रे होती. ७० वर्षे पूर्ण झालेल्यांना उत्पन्न कितीही असले तरी वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार मोफत मिळतात, हे मी वर्तमानपत्रात वाचले होते. २९ ऑक्टोबर २०२४ पासून त्यासाठी आयुष्मान वय वंदना कार्ड दिले जाते, हेही ठाऊक होते. म्हणून मी स्पष्ट विचारले, “आमच्या घरात सत्तरीचे कोणीच नाही, मग आम्हाला हे कसे मिळेल?” त्यावर तो मुलगा अतिशय अदबीने म्हणाला, “काकू, सेवानिवृत्तांसाठी वयाची अट शिथिल झाली आहे, पण ती या महिन्यापुरतीच. नंतर आलात तर मला काही करता येणार नाही.”

अशी कोणतीही सवलत नव्हती आणि नाही. त्या कार्डासाठी वय आधारवरील जन्मतारखेवरून धरले जाते, नोंदणीला शेवटची तारीख नसते आणि लाभार्थ्याला एक रुपयाही हप्ता भरावा लागत नाही. या योजनेच्या १४५५५ या मदत क्रमांकावर एक दूरध्वनी केला असता तर हे मला तेव्हाच कळले असते. मी तो केला नाही, कारण रांगेत माझ्यामागे पंधरा-वीस माणसे उभी होती आणि त्यांतील निम्मी माझ्या ओळखीची होती.

माणशी १,४७५ रुपये ‘नोंदणी शुल्क व कर’ म्हणून रोख घेतले गेले. पावती नंतर मोबाइलवर येईल असे सांगितले, ती कधीच आली नाही. आधार कार्ड आणि बँक पासबुकाचे पहिले पान यांच्या छायाप्रती घेतल्या. पासबुक कशाला, असे विचारल्यावर ‘दाव्याची रक्कम थेट खात्यात जमा होते’ असे उत्तर मिळाले. हे उत्तर ऐकूनच मी उठायला हवे होते, कारण या योजनांमध्ये रुग्णाच्या हातात किंवा खात्यात पैसे येत नाहीत, रुग्णालयाचे देयक परस्पर चुकते होते.

मग अंगठा. काडेपेटीहून थोडे मोठे काळे यंत्र, वर काचेची छोटी खिडकी, आत लाल दिवा. पहिल्यांदा अंगठा ठेवला, तेव्हा त्याने मान हलवली. खिशातून रुमाल काढून त्याने काच पुसली, माझा अंगठाही पुसला आणि म्हणाला, “काकू, धुण्याभांड्यांनी रेषा झिजतात, पुन्हा ठेवा.” दुसऱ्यांदा ठेवला, तिसऱ्यांदा ठेवला, चौथ्यांदा तर्जनी ठेवली. प्रत्येक वेळी यंत्राने बारीक आवाज केला आणि लॅपटॉपचा पडदा पूर्ण वेळ त्याच्याच बाजूला वळलेला होता. वयोमानाने बोटांच्या रेषा खरोखरच पुसट होतात आणि खऱ्या नोंदणीतही बोटांचे ठसे घेतले जातात, म्हणून मला त्यात काहीच वावगे वाटले नाही. दहा मिनिटांत आमची दोन गुळगुळीत, छायाचित्र असलेली, १४ अंकी क्रमांकाची कार्डे हातात पडली. ती घेऊन घरी आले आणि त्या रात्री कितीतरी आठवड्यांनी शांत झोपले.

नवव्या दिवशी पासबुक भरायला बँकेत गेले, तेव्हा शिबिराच्याच तारखेला माझ्या खात्यातून दहा हजार रुपये दोन वेळा काढल्याची नोंद दिसली. खात्याला मुलाचा जुना, बंद पडलेला मोबाइल क्रमांक जोडलेला राहिला होता, त्यामुळे संदेश माझ्यापर्यंत पोहोचलाच नाही. खिडकीवरच्या बाईंनी नोंद पाहून विचारले, “ताई, तुम्ही कुठे अंगठा दिला होता का?” आधार क्रमांक, बँकेचे नाव आणि बोटाचा ठसा एवढ्या तीन गोष्टींवर खात्यातून रोख काढता येते, त्याला ना एटीएम कार्ड लागते ना ओटीपी, आणि एका व्यवहाराची मर्यादा दहा हजारांची असते, हे त्यांनी मला समजावून सांगितले. खेड्यापाड्यांत बँक दूर असते, तिथे ही सोय फार मोलाची आहे. मी मात्र आरोग्याची नोंदणी समजून ज्या काचेवर बोट ठेवत होते, तिथे माझेच पैसे निघत होते.

त्याच दिवशी १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली, बँकेला लेखी अर्ज दिला आणि पोलीस ठाण्यात जबाब दिला. समाजमंदिर त्या मुलांना कोणी दिले, याचे उत्तर आजतागायत मिळालेले नाही. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार त्रयस्थाने केलेल्या अनधिकृत व्यवहाराची खबर तीन कामाच्या दिवसांत दिली, तर ग्राहकावर नुकसान पडत नाही. त्यानंतर मात्र दिवस उलटतील तसे हे संरक्षण कमी होत जाते. माझ्या अर्जावर बँकेने नेमके हेच दिवस मोजले. वीस हजारांपैकी काही परत मिळालेले नाही.

एवढे होऊनही कार्डे तरी खरी असतील, अशी आशा मी धरून होते. ऑगस्टमध्ये ह्यांच्या छातीत दुखू लागले आणि अँजिओप्लास्टी करावी लागेल असे डॉक्टरांनी सांगितले, तेव्हा रुग्णालयात सरकारी आरोग्य योजनांसाठी मदत करणाऱ्या आरोग्यमित्राच्या टेबलावर मी ते कार्ड ठेवले. त्याने क्रमांक पाहिला आणि क्षणभर थांबून म्हणाला, “काकू, हे आभा कार्ड आहे. हा विमा नाही.” आभा म्हणजे आपल्या तपासण्या आणि उपचारांच्या नोंदी एकत्र ठेवण्यासाठी मिळणारा आरोग्य खात्याचा क्रमांक. तो कोणीही घरबसल्या विनाशुल्क काढू शकतो आणि त्यावर एका रुपयाचाही उपचार मिळत नाही. आयुष्मान आणि आभा ही दोन्ही नावे एकाच सरकारी मोहिमेतली असल्यामुळे सामान्य माणसाची गल्लत होते आणि त्या मुलांनी हीच गल्लत माणशी १,४७५ रुपयांना विकली होती.

मग त्या आरोग्यमित्राने विचारले, “रेशनकार्ड कोणत्या रंगाचे आहे?” पांढरे, असे मी जवळजवळ खजील होऊन सांगितले, कारण पांढऱ्या कार्डावर काही मिळत नाही हेच आम्ही आयुष्यभर ऐकत आलो. तो म्हणाला, “घेऊन या.” महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत १ जुलै २०२४ पासून राज्यातील पांढऱ्या शिधापत्रिकाधारक कुटुंबांचाही समावेश झालेला आहे आणि कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण आहे. म्हणजे ज्या दिवशी मी समाजमंदिरातल्या रांगेत उभी होते, त्या दिवशी आम्ही योजनेत आधीच होतो. आधीच्या आजारांसाठी तिथे थांबावे लागत नाही, फक्त रुग्णालय योजनेच्या यादीतले असावे लागते आणि ठरवून करायच्या शस्त्रक्रियेसाठी पूर्वमान्यता घ्यावी लागते. या योजनेची माहिती १५५३८८ वर मिळते. मुलाने लोखंडी कपाटातून शिधापत्रिका काढून आणली, दुसऱ्या दिवशी मान्यता आली आणि ह्यांची अँजिओप्लास्टी झाली.

आमच्याच कारखान्यातील यंत्रशाळेत काम करणाऱ्या एका सहकाऱ्याला तर आणखी सोपा मार्ग होता, आणि तोही त्या रांगेत पैसे भरून बसला. निवृत्तीपूर्वी किमान पाच वर्षे कर्मचारी राज्य विमा योजनेत (ईएसआयसी) विमाधारक असलेल्याला निवृत्तीनंतर वर्षाला अवघे १२० रुपये भरून स्वतःसाठी आणि जोडीदारासाठी त्या योजनेची वैद्यकीय सेवा चालू ठेवता येते. माझे वेतन त्या योजनेच्या दरमहा २१,००० रुपयांच्या मर्यादेपलीकडे असल्याने मला ते लागू नव्हते, पण त्याला होते, आणि त्याला हे कोणी सांगितलेच नव्हते. निवृत्तीचे पत्र देणाऱ्या कार्यालयांनी विमा संपल्याच्या ओळीखाली एवढी माहिती छापली, तर अशा शिबिरांसमोर रांगा लागणार नाहीत, असे मला मनापासून वाटते.

त्या दोन्ही कार्डांच्या छायाप्रती आता पोलीस तक्रारीला जोडलेल्या आहेत. आधारच्या ॲपमधून मी आम्हा दोघांचे बोटांचे ठसे कुलूपबंद केले आहेत. त्यासाठी शुल्क नाही, आणि कुलूप असेपर्यंत ठशावर कोणताही व्यवहार होत नाही. नोव्हेंबरमध्ये ह्यांच्या निवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखला काढायला गेलो, तेव्हा ते कुलूप थोड्या वेळापुरते उघडावे लागले. बोट ठेवण्यापूर्वी मी तिथल्या मुलीला पडदा आमच्याकडे वळवायला सांगितला. तिने कोणतीही कुरकुर न करता तो वळवला, त्यावर ह्यांचे नाव आणि ‘जीवन प्रमाण’ हे शब्द आम्ही दोघांनी वाचले, आणि मगच ह्यांनी काचेवर अंगठा ठेवला.