चौथा शनिवार

२४ जुलै २०२१. त्या दिवशी गुरुपौर्णिमा होती आणि महिन्यातला चौथा शनिवारही. चौथा शनिवार पक्का लक्षात राहिलाय, कारण त्याच दोन शब्दांनी मला गंडवलं. आणि मी एकतीस वर्षं बँकेत नोकरी केलेली बाई आहे.

दोनच दिवस आधी, गुरुवारी, वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं होतं. त्याच दिवशी महाडजवळ तळियेवर दरड कोसळली. टीव्हीवर बाजारपेठेतली पाण्याखालची दुकानं दिसत होती. आम्ही पुण्यात. कोरोनाची बंधनं पुरती उठलेली नव्हती, त्यामुळे उठून कुठे जावं तर तीही सोय नाही. अशा वेळी हातात फोन असतो आणि जीव तळमळत असतो. फसवणाऱ्याला नेमकं हेच हवं असतं.

शुक्रवारी रात्री भाच्यानं एक मेसेज पाठवला. चिपळूण-खेर्डीसाठी पाणी, ब्लँकेटं, औषधं घेऊन गाड्या निघताहेत, मदत हवी, खाली एका माणसाचा नंबर. भाचा शहाणा मुलगा आहे, म्हणून मी तो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. वर स्वतःचं एक वाक्य जोडलं: "खात्रीची माणसं आहेत, माझ्याकडे जमा करा, मी एकत्र पाठवते." हे वाक्य मी आजही विसरलेले नाही. खात्री मी काहीही केली नव्हती. लोकांनी पैसे त्या अनोळखी नंबरवर नाही, माझ्या वाक्यावर दिले. मी सेक्रेटरी, वर बँकवाली. दुपारपर्यंत ₹७४,३०० जमले.

त्या माणसाला फोन केला. आवाज थकलेला, मागे गाड्यांचा गोंगाट. "ताई, दोन रात्री झोप नाही. आयशर भरून उभी आहे, भाड्याचे अ‍ॅडव्हान्स द्यायचेत." बोलताना बाजारपेठ, खेर्डी, कुंभार्ली घाट ही नावं सहज येत होती. नंतर कळलं, टीव्हीवर ऐकू येत होती तेवढीच नावं त्याला ठाऊक होती. मी ट्रस्टचं नाव विचारलं. त्यानं लगेच पावतीचा नमुना पाठवला. लेटरहेड, नोंदणी क्रमांक, देणगीवरच्या करसवलतीचं ८०जी, शिक्का, सगळं होतं. ट्रस्टचं नाव ऐकलेलं वाटलं. एक अक्षर वेगळं होतं, ते मला आठ दिवसांनी दिसलं.

क्यूआर स्कॅन केल्यावर मात्र पडद्यावर ट्रस्टऐवजी कुणा एका माणसाचं नाव आलं. मी थांबले. खरंच थांबले. विचारलंही. तो म्हणाला, "ताई, आज चौथा शनिवार. ट्रस्टच्या खात्यात टाकलंत तर सोमवारी मिळणार. हे आमच्या खजिनदारांचं खातं आहे."

आणि मला ते पटलं! आमच्या वेळी ते खरंच होतं ना. सुट्टीच्या दिवशी एनईएफटी, म्हणजे एका बँकेतून दुसऱ्या बँकेत पैसे पाठवायची सोय, चालत नसे, गिऱ्हाइकांना हे वाक्य मी स्वतः हजारदा ऐकवलंय. मी २०१६ ला निवृत्त झाले. डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी चोवीस तास, सुट्टीच्या दिवशीही चालते. यूपीआयला तर सुट्टी कधीच नव्हती. ज्या यूपीआयनं मी पैसे पाठवत होते, त्याच यूपीआयनं ट्रस्टच्या खात्यातही ते त्याच क्षणी गेले असते. हे मला कळत नव्हतं असं नाही. त्या क्षणी सुचलं नाही, एवढंच.

आधी ₹२५,००० गेले. मग भरलेल्या गाडीचा फोटो आला. मग ₹३०,०००. रविवारी सकाळी फोन: घाटात दरड आलीय, गाडी वळवून न्यायची तर भाडं वाढतंय, डिझेलला पैसे नाहीत. उरलेले ₹१९,३०० गेले. सोमवारी तो आणखी मागायला लागला, तेव्हा मी म्हटलं, सामान उतरवतानाचा व्हिडिओ पाठवा. त्यानं फोटोच पाठवले. ते मी अभिमानानं ग्रुपवर टाकले.

बी विंगमधला बारावीतला मुलगा संध्याकाळी दारात आला. "काकू, यात एकानंही मास्क लावलेला नाही." मी म्हटलं, पुरात कसला मास्क. तो म्हणाला, "एकानंही? आणि ही गाडी बघा, एमएच ०९. कोल्हापूरची आहे." त्यानं फोटो शोधून दाखवला. २०१९ च्या पुरातला होता, शिरोळ तालुक्यातला. तिथल्या खऱ्या माणसांनी खरी मदत वाटतानाचा. याचा मला फसवणुकीपेक्षाही जास्त राग आला.

त्या नंबरवर फोन लावला तर बंद.

मंगळवारी पोलीस चौकी. व्यवहाराचे क्रमांक, स्क्रीनशॉट, सगळं दिलं. तिथल्या हवालदारांनी एकच प्रश्न विचारला, "शनिवारीच का नाही आलात?" अशा पैशांना पाय फुटलेले असतात, ते एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जाऊन एटीएममधून निघेपर्यंत जो वेळ मिळतो तेवढाच आपला. तेव्हा तक्रारीचा नंबर १५५२६० होता, आता १९३० आहे. लाज वाटत असली तरी आधी तिथे फोन करावा, घरच्यांना नंतर सांगावं. मी उलटं केलं. खात्यात ₹९,२०० गोठवता आले. ते कोर्टाच्या आदेशानं चौदा महिन्यांनी परत मिळाले. बाकीचे गेले ते गेलेच.

मग मी मेसेजचा माग काढला. मला भाच्यानं, भाच्याला मित्रानं, त्याला त्याच्या साहेबांनी, साहेबांना जिमवाल्यानं. पाचव्या माणसापाशी धागा तुटला. प्रत्येकाचं म्हणणं एकच, अमक्यानं पाठवलंय म्हणजे बरोबरच असणार. त्या माणसाला ओळखणारा या साखळीत एकही नव्हता. ज्या ट्रस्टशी नाव जुळत होतं तिथे फोन केला, तर बाई म्हणाल्या, आमच्या नावाचं हे तिसरं प्रकरण. ही युक्ती नवी नाहीच. २०२० मध्ये पीएम केअर्सचा यूपीआय आयडी जाहीर झाला आणि त्यातल्या 'केअर्स'मधला शेवटचा 'एस' गाळून खोटा आयडी फिरू लागला होता. सरकारी निधीची ही गत, तर गावातल्या ट्रस्टचं काय. नोंदणी आणि ८०जी तपासायला धर्मादाय आयुक्त आणि आयकर खात्याची संकेतस्थळं आहेत. पण कागद खरा निघाला तरी कागद पाठवणारा खराच असतो असं नाही. म्हणून फोन त्या ट्रस्टलाच करायचा, तोही आपण शोधलेल्या नंबरवर.

सोसायटीला सांगणं सगळ्यात जड गेलं. पार्किंगमध्ये मीटिंग घेतली. एक गृहस्थ तावातावानं बोलले, ते रास्तच होतं. मी भरून देते म्हटलं. काहींनी घेतले, काहींनी नाही. ए विंगमधल्या सूनबाईंचं माहेर चिपळूणचं. त्या तोवर गप्प होत्या. म्हणाल्या, "काकू, मला कुणी विचारलंच नाही." त्यांनी तिथूनच भावाला फोन लावून स्पीकरवर ठेवला. तो म्हणाला, कपडे अजिबात पाठवू नका, त्यांचे ढीग पडलेत. फावडी, घमेली, खराटे, गमबूट, हातमोजे, ब्लीचिंग पावडर पाठवा. आणि जमलं तर चिखल काढायला माणसं. मी ब्लँकेटांसाठी पैसे पाठवत बसले होते. पुढच्या रविवारी आमची सहा मुलं ते सामान घेऊन गेली, दोन दिवस एका दुकानातला गाळ उपसून आली. पैसे पहिल्यापेक्षा कमी जमले होते. त्यातले तीनशे आमच्या धुणंभांड्याच्या मावशींचे होते. पहिल्या वेळी त्यांना कुणी मागितलेच नव्हते.

२०२५ च्या सप्टेंबरात सीना नदीचं पाणी सोलापूर जिल्ह्यातल्या गावांत शिरलं आणि ग्रुपवर पुन्हा मेसेज आला: चारा आणि ताडपत्र्या हव्यात, खाली क्यूआर. मी नंबर फिरवला. पोरगा तरुण होता. पैसे ताडपत्रीच्या दुकानदारालाच देते, दुकान सांगा, म्हटल्यावर भडकला. "ताई, आम्ही इथं गुडघाभर पाण्यात, आणि तुम्हाला चौकशा सुचतात?" म्हटलं, हो, सुचतात. त्यानं दुकानाचं नाव सांगून फोन आपटला.

माढ्याला माझी बँकेतली मैत्रीण राहते. तिला दुकानात जाऊन यायला सांगितलं. तासाभरानं तिचा फोन आला. "दुकान आहे, पोरंही आहेत, निम्मा माल उधारीवर उचललाय. पैसे पाठव. तुझ्यावर मात्र जाम चिडलेत."