‘मेरी पंचायत’ अ‍ॅप: खर्च दिसतो, पण गावकऱ्यांचा सहभाग दिसतो का?

केंद्र सरकारच्या पंचायती राज मंत्रालयाचे ‘मेरी पंचायत’ हे मोबाइल अ‍ॅप आता खेड्यापाड्यांत बऱ्यापैकी पोहोचले आहे. त्याचे परीक्षण करताना मी एकच प्रश्न डोळ्यांसमोर ठेवला आहे: राज्यातले लोक आपल्या गावच्या कारभारात किती भाग घेतात, हे या अ‍ॅपवरून आणि त्यामागच्या सरकारी आकडेवारीवरून कळते का? पैशाचा माग काढण्यासाठी हे साधन फार चांगले आहे. लोकसहभागाचे माप म्हणून मात्र ते अपुरे आहे आणि मराठवाड्यापुरते बोलायचे तर ही उणीव गंभीर आहे.

आधी चांगली बाजू. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या ई-ग्रामस्वराज पोर्टलवर ग्रामपंचायती आपले आराखडे आणि जमाखर्च नोंदवतात. पूर्वी हीच माहिती मिळवण्यासाठी ग्रामसेवकाच्या मागे फिरावे लागे किंवा माहिती अधिकाराचा अर्ज करावा लागे. अ‍ॅपमुळे ती आता कोणाच्याही फोनवर येते. पंधराव्या वित्त आयोगाच्या (२०२१-२२ ते २०२५-२६) निधीपैकी ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित, म्हणजे राखीव, तर ४० टक्के अबंधित होती, हे गावात फार थोड्यांना ठाऊक असायचे. कामाचे नाव आणि दिलेली रक्कम समोर दिसू लागली की हा फरकही आपोआप समजतो. आमच्या भागातल्या एका गावी पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत बचत गटातल्या एका बाईंनी फोन हातात धरून अंगणवाडीच्या शौचालयाच्या कामाची नोंद मोठ्याने वाचली आणि ‘हे काम नेमकं कुठं झालंय, ते दाखवा’ एवढेच विचारले. सभेचा सूर त्यानंतर बदलला. मागे बसलेली माणसे पुढे सरकली, दोघातिघांनी आपापल्या गल्लीतल्या कामांची चौकशी केली आणि सभा संपल्यावर सगळे मिळून जागा पाहायला गेले. नागरिकाच्या हातात नोंद असली की तो अर्जदार राहत नाही, बरोबरीने बोलू लागतो. अ‍ॅपची खरी कमाई मला इथे दिसते. पूर्ण झालेल्या कामावर अभिप्राय देण्याची आणि छायाचित्रासह तक्रार नोंदवण्याची सोयही त्यात आहे.

अडचण सहभाग मोजताना येते. महाराष्ट्रात ग्रामसभेची गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान उपस्थिती, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल ती, अशी आहे. गणपूर्ती झाली नाही तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच राहत नाही. म्हणजे तीन हजार मतदारांच्या गावात मूठभर माणसांपुढे मंजूर झालेला ठरावही कायदेशीर ठरतो आणि कागदावर ‘ग्रामसभा झाली’ अशीच नोंद होते. प्रोसिडिंग बुक, म्हणजे सभेच्या इतिवृत्ताची वही, दुसऱ्या दिवशी घरोघर फिरवून सह्या घेण्याची पद्धत अनेक गावांत आहे, हे ग्रामीण भागात राहणाऱ्याला वेगळे सांगायला नको. प्रत्येक नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी, असे कायदा सांगतो. परंतु त्या सभेत किती जणी बोलल्या आणि त्यांच्या मागणीतले काय आराखड्यात उतरले, याचे उत्तर सभा झाल्याच्या नोंदीतून मिळू शकत नाही.

मंत्रालयाने ९ एप्रिल २०२५ रोजी २०२२-२३ या वर्षासाठीचा पंचायत अ‍ॅडव्हान्समेंट इंडेक्स प्रसिद्ध केला. नऊ विषय आणि ४३५ निर्देशक यांच्या आधारे देशातल्या सुमारे २ लाख १६ हजार ग्रामपंचायतींना त्यात गुण दिले असून, ९० किंवा त्याहून अधिक गुणांच्या सर्वांत वरच्या श्रेणीत एकही ग्रामपंचायत बसलेली नाही. सरसकट शाबासकी न देण्याचा हा प्रामाणिकपणा मला आवडला. तरीही मुळातली माहिती गावपातळीवर यंत्रणाच भरते आणि वरच्या कार्यालयांत तिची पडताळणी होते; त्यामुळे हे माप पंचायतीच्या कामाचे आहे. नागरिकाच्या दारात जाऊन ‘तुम्ही गेल्या वर्षी ग्रामसभेला गेला होता का, नसल्यास का नाही?’ असे विचारणे हे वेगळे काम आहे आणि ते व्हायलाच हवे.

मराठवाड्यात या प्रश्नाला धार येते ती स्थलांतरामुळे. पुढच्या वर्षाचा गावाचा आराखडा बनवण्याची लोकयोजना मोहीम २ ऑक्टोबरपासून सुरू होते. नेमक्या त्याच सुमारास, दसरा-दिवाळीच्या आगेमागे, बीड, जालना, परभणी, धाराशिव अशा जिल्ह्यांतले ऊसतोड मजूर मुकादमाकडून उचल (आगाऊ रक्कम) घेऊन पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात आणि कारखान्यांचा पट्टा पडल्यावरच, म्हणजे गाळप हंगाम संपल्यावरच, परततात. त्यांची नावे मतदार यादीत असतात, त्यांची वस्ती गावातच असते, पण आराखडा ठरतो तेव्हा कोयता घेतलेली ही जोडपी उसाच्या फडात असतात. २६ जानेवारीची ग्रामसभाही त्यांना अनोळखीच. अशा गावात उपस्थिती कमी दिसली तर त्याचा अर्थ लोक उदासीन आहेत, असा लावणे अन्यायाचे ठरेल. अ‍ॅपमध्ये आज या फरकाला जागा नाही.

अमेरिकेत राज्याराज्यांतील नागरी सहभाग मोजण्यासाठी जनगणना विभाग थेट घराघरांत प्रश्न विचारतो: शेजाऱ्याला मदत केली का, सार्वजनिक बैठकीला गेलात का, एखाद्या संस्थेसाठी विनामोबदला काम केले का. २०२३ च्या पाहणीत संस्थांमार्फत स्वयंसेवा करणारे २८.३ टक्के, तर शेजाऱ्यापाजाऱ्याला परस्पर मदत करणारे सुमारे ५४ टक्के आढळले. म्हणजे केवळ संस्थांच्या नोंदी पाहिल्या असत्या, तर तिथला मोठा भाग हिशेबाबाहेर गेला असता. आपल्याकडे तर हे अधिकच लागू पडते. अखंड हरिनाम सप्ताहाची वर्गणी, पंगत आणि मंडप गावकरी मिळून पार पाडतात. २०१६ मध्ये पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप या जलसंधारण स्पर्धेच्या पहिल्या वर्षी अंबाजोगाई तालुक्यातल्या गावांनी रणरणत्या उन्हात श्रमदान केले, तेही लोकसहभागाचेच काम होते. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत राज्यात सुमारे ६६ टक्के मतदान झाले, ही संख्या मिळवणे सोपे असते. सप्ताहासाठी एकत्र येणारे गाव ग्रामसभेला का येत नाही, हे शोधायला मात्र माणसांशी बोलावेच लागते.

तरीही हे अ‍ॅप प्रत्येकाने फोनवर घ्यावे, अशी माझी स्पष्ट शिफारस आहे. विशेषतः बचत गटातल्या स्त्रिया, पाणी समितीचे सदस्य आणि गावी नसलेले तरुण यांनी ग्रामसभेआधी आपल्या वॉर्डातल्या कामांची यादी नीट पाहावी. मंत्रालयाकडे मागणी करायची तर दोन गोष्टींची करावी. ग्रामसभेच्या नोंदीत स्त्री-पुरुष उपस्थिती, सभा मूळ की तहकूब आणि ठराव मांडणाऱ्याची वस्ती, हे तपशील सक्तीने यावेत. दुसरी गोष्ट, ज्या गावांतून मजूर मोठ्या संख्येने बाहेर जातात, तिथे आराखड्यावरची चर्चा ऊसतोडीच्या टोळ्या निघण्यापूर्वी, पोळा ते दसरा या काळात घेऊन तिची स्वतंत्र नोंद व्हावी. वर्षात किमान चार ग्रामसभा घेण्याचे बंधन आहे, पण त्याहून अधिक घ्यायला मनाई नाही. त्यामुळे ही जादा सभा बोलावण्यासाठी कायदा बदलायची वाट पाहण्याचे कारण नाही. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी मनावर घेतले तर ती याच वर्षी होऊ शकते.